पहिल्या पानावरची दुरुस्ती

तो माणूस मला कधीच आवडला नाही. त्याच्या सत्काराला मी भाषण केलं, स्वतःच्या हातानं शाल घातली, म्हणून कुणी गैरसमज करून घेऊ नये.

शिवाजी पेठेत माझं सायकलचं दुकान होतं आणि समोरच्या बोळाच्या तोंडाला त्याचा छापखाना. पोटासाठी तो लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापायचा आणि महिन्यातून एकदा स्वतःच्या ज्यू समाजासाठी आठ पानी मराठी पेपर काढायचा. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे हे लोक. त्याचा बाप नोकरीपायी कोल्हापुरात आला तो इथलाच झाला. पेठेतल्या निम्म्या लोकांना हा ख्रिश्चन वाटायचा. नाताळ आला की केक मागायचे. तो एकदाही चिडला नाही, आणि मला त्याचाही राग यायचा.

पेपरात सात पानं बारशी, साखरपुडे, कोण इस्रायलला गेलं, कोण वारलं. आठवं पान मात्र कोल्हापूरच्या फुटबॉलचं. अलिबाग-ठाण्याच्या वाचकांना आमच्या तालमींच्या संघांशी काय देणंघेणं? ते पत्रं लिहून कुरकुरायचे, की त्यापेक्षा स्थळं छापा. ह्यानं चाळीस वर्षं ते पान सोडलं नाही. पोरवयात अनवाणी खेळला, गुडघा गेल्यावर लाइनमन झाला आणि तेही जमेना तेव्हा गोलच्या मागं येऊन बसू लागला. शनिवार त्याचा विसाव्याचा. त्या दिवशी पेन धरायचा नाही, पैशाला शिवायचा नाही. पण शनिवारी मॅच असली की पास आधीच काढून ठेवलेला, आणि स्वारी पायी स्टेडियमवर. बघितलेलं सगळं डोक्यात ठेवायचा आणि रविवारी लिहून काढायचा.

तेव्हा मी आमच्या तालमीच्या संघातनं खेळायचो, आणि माझा गोल नेमका शनिवारी झाला. नव्वदच्या दशकातली फायनल, शेवटची मिनिटं, कॉर्नर, गोलपुढं ही गर्दी, आणि बॉल जाळीत. रेफ्रीनं गोल दिला. तालमीनं मला खांद्यावर घेऊन हलगीच्या ठेक्यावर पेठभर फिरवलं, गुलाल आठवडाभर कानातनं निघत होता. वर्तमानपत्रांनी ‘अप्रतिम हेडर’ म्हणून छापलं. आणि महिनाअखेरीला ह्याच्या आठव्या पानावर एकच वाक्य आलं : ‘विजयी गोल हाताने झाला, रेफ्रींना दिसले नाही, आम्हाला दिसले.’

पेठेत तो पेपर कुणी विकत घेत नव्हतं. पण एक प्रत तो छापखान्याबाहेरच्या फळ्यावर लावायचा. अख्ख्या पेठेनं तेवढंच वाक्य वाचलं. दुकानावरनं जाताना पोरं ओरडायची, “काय पैलवान, व्हॉलीबॉल कधी सुरू करताय?”

मी तरातरा छापखान्यात गेलो.

“काका, ते वाक्य माघारी घ्या.”

“चुकलं आसंल तर घेतो की. चुकलंय का?”

“शनवारी तुमी लिवत न्हाय. दुसऱ्या दिवशी आठवून लिवलेल्याचा काय भरवसा?”

“मग तूच सांग, काय झालतं?”

मी बाहेर आलो, फळ्यावरचा पेपर टराटरा फाडला आणि घरी गेलो. सकाळी तिथं दुसरी प्रत लावलेली होती.

दसऱ्याच्या आगेमागे त्यांचा दारफाळणीचा सण येतो. दार लावून घरात बसायचं आणि दिवसभर कडक उपास करायचा. त्याआधी, वर्षभरात ज्याला दुखवलं असेल त्याची माफी मागायची त्यांची रीत. त्या वर्षी म्हातारा माझ्या दुकानात आला आणि गिऱ्हाइकांसमोर हात जोडून म्हणाला, “माझ्यामुळं तुला तरास झाला. माफी दे.”

“म्हंजे वाक्य माघारी घेतलं म्हणा की.”

“न्हाय. वाक्य खरं हाय. तरास झाला, त्याची माफी.”

“मग चालायला लागा,” मी म्हटलं आणि पाना जमिनीवर आपटला.

पुढच्या वर्षी परत आला. त्याच्या पुढच्याही. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, असला माणूस. दहा-बारा वर्षं येत राहिला आणि मी एकदाही माफी दिली नाही.

दोन हजार सालानंतर कधीतरी तालमीनं ठरवलं, की चाळीस वर्षं फुटबॉल लिहिणाऱ्या ह्या म्हाताऱ्याचा सत्कार करायचा. तोवर मी तालमीचा अध्यक्ष झालो होतो. मी लगेच हो म्हटलं, आणि ते काही मोठ्या मनानं नव्हे. अंगावर शाल आणि हातात नारळ असलेल्या माणसाला चारचौघांत नाही म्हणता येत नाही. तिथंच त्याला वाक्य माघारी घ्यायला लावायचं, एवढाच माझा बेत.

शाल घातली आणि माइक धरला. चार गोड वाक्यं बोलून म्हटलं, “काकांनी चाळीस वर्षांत एकच वाक्य चुकीचं लिवलं. आज ते मोठ्या मनानं माघारी घेत्याल.” टाळ्या पडल्या.

म्हातारा उठला. नारळ शेजाऱ्याच्या मांडीवर ठेवला. “मी बगितलं ते लिवलं,” तो म्हणाला. “पण खेळणाऱ्याला माझ्यापरास जास्त ठावं. बॉल हाताला लागला न्हवता, एवढं ह्यानं लिहून सही करून द्यावं. मी पहिल्या पानावर छापतो.” आणि खिशातलं पेन काढून माझ्यापुढं धरलं.

बॉल माझ्या उजव्या मनगटाला लागला होता. मला तेव्हाच कळलं होतं आणि त्यानंतर एक दिवसही मी ते विसरलो नव्हतो. समोर तालमीतली पोरं बसली होती, त्यांना मी तो ‘हेडर’ शंभरदा करून दाखवलेला. माझी बायको बसली होती. त्या वेळचा आमचा गोलकीपर पहिल्या रांगेत खाली मान घालून चप्पल बघत होता. मी निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर ‘बॉल हाताला लागला नव्हता’ असं लिहिलं आणि सही ठोकली.

महिनाअखेरीला अंक फळ्यावर लागला. पहिल्याच पानावर, चौकटीत, ठळक अक्षरात माझं वाक्य. त्याखाली : ‘आमचे विधान आम्ही मागे घेत आहोत. वाचकांची क्षमा मागतो.’ मी जिंकलो होतो. पण पेठेत कुणी अवाक्षर काढलं नाही. टवाळी करणारी पोरंही गप्प झाली, आणि ते टवाळीपेक्षा वाईट होतं. मी परत फळ्यापाशी गेलो तेव्हा त्याच पानाच्या तळाशी बारीक अक्षरातलं निवेदन वाचलं. बहुतेक वाचक इस्रायलला गेले, त्यांच्या पोरांना मराठी वाचता येत नाही, आता संपादकांना नीट दिसत नाही. हा शेवटचा अंक.

इतकी वर्षं त्या माणसावर काढलेला राग तिथं उभ्या उभ्या माझ्यावर उलटला. मला स्वतःची किळस आली. तसाच आत गेलो. छपाईच्या खिळ्यांच्या पेट्या भंगारवाल्यासाठी दारात आणून ठेवल्या होत्या आणि म्हातारा एका पेटीवर टेकला होता.

“काका, लागलता बॉल. हाताला.”

“मला ठावं हाय.”

“मग छापलं कशाला?”

“तू सही केलीस. खेळाडूच्या सहीवर भरवसा ठेवायचा न्हाय, तर चाळीस वर्षं लिवलं कुणासाठी?”

“चुकलं माझं. माफी द्या. आन् खरं काय ते छापा, मी परत सही देतो.”

तो उठला. पेट्यांना धरत धरत माझ्यापर्यंत आला आणि खांद्यावर हात ठेवला.

“माफी दिली लेका. ती माझ्या हातात हाय. पुढचा अंक न्हाय.”