मिसाळने रंगवलेले मिग

१९७१ च्या हिवाळ्यात माझी पोस्टिंग पश्चिम सीमेजवळच्या एका फॉरवर्ड बेसवर होती. हुद्दा लीडिंग एअरक्राफ्ट्समन, म्हणजे एलएसी. ट्रेड एअरफ्रेम फिटर. विमानाचा पत्रा, चाकं, सांगाडा आमच्याकडे, इंजिन दुसऱ्यांकडे.

आमच्या स्क्वाड्रनची मिग विमानं नव्या स्टीलच्या भांड्यांसारखी चमकायची. शांततेच्या काळात ते छान दिसतं. युद्धात ते वरून शत्रूलाही दिसतं, ही अडचण होती. लढाई तोंडावर आली तेव्हा ऑर्डर आली की सगळी विमानं कॅमोफ्लाज करा. रंगाचे ड्रम आले, एक हिरवा आणि एक मातकट. स्प्रे गन एकच होती आणि तिनेही पहिल्याच दिवशी मान टाकली. मग ब्रश घेतले, ब्रश संपले तेव्हा फरशी पुसायचे मॉप घेतले. आमच्या पंजाबी सार्जंटने सूचना दिली, ती एवढीच.

"डिझाइन नहीं चाहिए. चमक खतम करो."

एका माणसाला एक विमान, मातकट रंगावर हिरवे पट्टे. विमानाच्या नंबरावरूनही रंग फिरवायचा, फक्त गोल चक्र आणि शेपटीवरचा तिरंगा तेवढा सोडायचा. माझ्या शेजारच्या विमानावर किसन मिसाळ होता. तोही एलएसी, सोयगावकडचा, मेंढपाळाच्या घरातला. मी पाचोडचा. एवढ्या मोठ्या बेसवर मराठवाड्याचे आम्ही दोघंच, त्यामुळे आमची भांडणंसुद्धा आम्हाला गोड लागायची.

"लई अवघड नाय रे," तो शिडीवरून म्हणाला. "मेंढरं रंगवतो तसंच. आपलं कोणचं ते कळलं पायजे."

"येड्या, इथं उलटं हाय. कोणालाच कळाया नाय पायजे."

"मंग तर आजूकच सोपं."

युद्ध सुरू झाल्यावर एका सकाळी, सूर्य नुकताच वर आलेला असताना, मिसाळचं विमान रेडिनेसवर, म्हणजे हुकूम येताच उडायच्या तयारीत, होतं. पायलट आधीच कॉकपिटमध्ये बसलेले होते. रेडिओवर आवाज आला, "स्क्रॅम्बल, स्क्रॅम्बल." इंजिन सुरू झालं आणि तेवढ्यात एअर रेडचा भोंगा वाजला. मी जवळच्या ट्रेंचमध्ये उडी मारली. मिसाळचं काम राहिलं होतं. शिडी काढायची, मिसाइलच्या सेफ्टी पिना काढायच्या आणि त्या वर धरून पायलटला दाखवायच्या. पिना दिसल्याशिवाय पायलट हलत नाही.

"मिसाळ, खाली ये!" मी ओरडलो.

त्याने शिडी काढली. पिना काढल्या. पुढे येऊन त्या वर धरल्या. पायलटने अंगठा दाखवला आणि विमान निघालं. मग मिसाळ आमच्याकडे धावत सुटला. शत्रूची दोन विमानं खालून, झाडांच्या शेंड्यांवरून आली आणि त्यांनी गोळीबार केला. धूळ बसली तेव्हा तो वाटेतच पडलेला होता. पिना हातात तशाच होत्या.

पायलट परत आले, कॉकपिटमधून उतरले आणि त्यांनी विचारलं, "मेरा मिसाळ किधर है?" सार्जंटने टोपी काढली.

पुढे मी सार्जंट होऊन निवृत्त झालो, वाळूजच्या एका कारखान्यात नोकरी केली आणि आता सिडकोतल्या घरात प्लास्टिकची छोटी विमानं बनवतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. बायकोचं म्हणणं असं, की निवृत्त माणसाला छंद असावा, पण तो जेवणाच्या टेबलावर नसावा. माझी तक्रार नाही. सकाळचा चहा, बारीक ब्रश आणि रंगाचा वास, याहून जास्त सुख मला मागता येत नाही.

मिसाळची धाकटी बहीण सखुबाई सोयगावात असते. वर्षातून एकदा मी तिच्याकडे जातो. गेल्या खेपेला मी एक छोटं विमान तिच्या नातवंडांसाठी नेलं होतं. ती ते बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "भाऊ, किसनचा फोटू हाय. पदक हाय. पर त्याच्या हातचं घरात काईच नाय. मेंढरं त्यानंच रंगवली व्हती, ती पण इकली बापानं. बाप मरस्तोवर इचारायचा, पोरगं तिथं काय काम करत व्हतं?"

"विमानं रंगवली त्यानं."

"मंग त्यानं रंगवलेलं दाव की मला."

परतीच्या एसटीत सिल्लोडपर्यंत माझ्या डोक्यात तेवढंच होतं. कोणतंही मिग बनवून चालणार नव्हतं. त्याच्याच हातचं पाहिजे होतं, पट्ट्याला पट्टा जुळून. नाहीतर मी त्या बाईला खेळणं देऊन फसवलं असतं.

हे बोलणं सोपं, करणं अवघड. किटसोबत जी डिकॅल येतात, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चक्रं आणि नंबर, ती सगळी कारखान्यातून निघालेल्या विमानाची असतात. मॉपने रंगवलेल्या विमानाचं डिकॅल कोण छापणार? पुस्तकांतल्या चित्रांत पट्टे इतके नीटनेटके होते की आमच्या सार्जंटला हसू आलं असतं. शेवटी आमच्या जुन्या एअरमन लोकांच्या ग्रुपवर विचारलं. दोन महिने नुसते गुड मॉर्निंग आणि गुलाबाची फुलं आली. मग एका जुन्या इलेक्ट्रिशियनच्या मुलाने एक फोटो पाठवला. आमचाच बेस. दोन मिग शेजारी शेजारी, मिसाळचं आणि माझं, दोन्ही नाकं डावीकडे. नंबर पुसलेले.

"उजवीकडचं मिसाळचं," मी बायकोला सांगितलं. माझी स्मरणशक्ती आमच्या घरात प्रसिद्ध आहे. ती जास्त करून माझ्याच तोंडून प्रसिद्ध झाली आहे, हे मान्य.

पंधरा दिवस खपून मी उजवीकडच्या विमानाचे पट्टे मॉडेलवर उतरवले आणि ते मुनीरला दाखवायला नेलं. मुनीर गुलमंडीजवळ दातांच्या कवळ्या बनवतो आणि फावल्या वेळात माझ्यासारखीच विमानं जोडतो. वयाने माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान, पण हात माझ्याहून स्थिर. त्याने मॉडेल बघितलं, फोटो मोठा करून बघितला, आणि डोळ्याला भिंग लावून पट्ट्यांवर वाकला.

"काका, तुमारा दोस्त लेफ्टी था क्या?"

"का?"

"नई, ऐसेच पूछरा. देखो. सीधे हात का आदमी पट्टा मारा तो ऊपर सीधी तरफ से नीचे उल्टी तरफ आता. ये सीधेवाला प्लेन वैसाच है. और ये बाजू का देखो, सब पट्टे उल्टे गिररे. दोनों का पेंटर अलग है." त्याने बोटाने दात दाखवले. "हमारे धंदे में तो रोज का है. दात किदर घिसे वो देखके मैं बोल देता, आदमी किस हात से ब्रश करता."

मी खुर्चीत बसलो. मिसाळ डावखुरा होता. जेवायला बसला की मेसमधली पोरं त्याला चिडवायची. सार्जंट दर वेळी ओरडायचा, "मिसाळ, पिन सीधे हाथ से दिखाओ!" आणि तो दर वेळी डावाच हात वर करायचा. त्या सकाळीही पिना डाव्याच हातात होत्या. मी त्या हातातून सोडवून घेतल्या होत्या, आणि तरीही इतकी वर्षं हे मला आठवलं नव्हतं. त्याचं मरण मी रोज आठवत आलो होतो आणि त्याचा हात विसरलो होतो. मला रडू आलं. कवळ्यांच्या दुकानात, चारी बाजूंनी दात हसत असताना, मी रडलो.

"हौ," मी म्हणालो. "लेफ्टी था."

मुनीरने चहा मागवला आणि माझं मॉडेल हळूच उलटं करून ठेवलं. "तो ये गलत है. उतारो रंग. नया करते."

रंग उतरवला. डावीकडच्या विमानाचे पट्टे उतरवायला घेतले, तर जमेनात. जागा बरोबर, रंग बरोबर, पण पट्टा मिसाळचा वाटेना, त्याची नक्कल वाटे. तीन वेळा पुसलं. चौथ्या वेळी मी ब्रश डाव्या हातात घेतला. ब्रश भरकटत होता, आणि पट्टा पहिल्याच फटक्यात बरोबर पडला. सुरुवातीला जाड, शेवटी बारीक, खाली येताना थोडा शेपटीकडे सरकलेला. त्या आठवड्यात घरात एकच विनोद चालला.

"आता डाव्या हातानं जेवायला बसू नका म्हणजे मिळवलं," बायको म्हणायची.

नंबर मी लिहिला नाही. पुण्याच्या एका जाणकाराने कळवलं की नंबराशिवाय मॉडेल अपुरं मानतात. मी उत्तर दिलं, नंबर ज्याने पुसला त्याच्या मर्जीविरुद्ध जाता येणार नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत अजिंठ्याचा घाट उतरून सोयगावला गेलो. मांडीवर बुटांचा खोका, खोक्यात कापसावर मिग. एसटीच्या प्रत्येक खड्ड्याला मी कंडक्टरकडे बघत होतो, जणू खड्डा त्यानेच खणला होता.

सखुबाईने हात धुतले, पदराला पुसले आणि विमान दोन्ही हातांत घेतलं. एकेका पट्ट्यावरून बोट फिरवत राहिली. मग विचारलं, "ह्याचं पुढं काय झालं?"

"लढाई संपेपर्यंत उडत होतं. रोज जायचं, रोज परत यायचं. एक गोळी लागली नाही त्याला."

"म्हंजी रंग चांगला दिला व्हता त्यानं."

"लई चांगला," मी म्हणालो.

तिने मान हलवली. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. किसनच्या फोटोखालच्या फळीवरून तिने घड्याळ काढलं आणि तिथे विमान ठेवलं. तेवढ्यात शेजारीण पीठ मागायला आली आणि दारातच थबकली.

"अगं बया, इमान! भाऊनं बनवलं व्हय?"

"नाय," सखुबाई म्हणाली. "आमच्या किसनच्या हातचं हाय. भाऊनं नुसतं लहान केलं."