जनरेटर गेल्यावर

जानराव मूळचे हिवरखेडचे. चिखलदऱ्याला एका हॉटेलाचं बांधकाम सुरू होतं तेव्हा मजुरीला म्हणून आले आणि तिथेच राहिले. मालक सूर्यभानजींनी जनरेटर आणला, तो चालवायला भरवशाचा माणूस हवा होता. जानरावांना इंजिनातलं थोडंफार कळायचं, बाकीचं हात काळे करता करता कळलं.

चिखलदऱ्याला पावसाळ्यात पर्यटक लोटतात आणि वीजही नेमकी तेव्हाच जाते. वारा सुटला की झाडाची फांदी तारेवर पडते, मग रात्र रात्र अंधार. पण हॉटेलात उतरलेल्यांना गरम पाणी हवं, टीव्ही हवा, मोबाइल चार्ज व्हायला हवा. जानराव हँडल मारायचे आणि पत्र्याच्या शेडमध्ये ते धूड धडधडायला लागायचं. शेडला लागूनच त्यांची खोली. तिथेच बायको जाईबाईनं संसार मांडला, तिथेच भावना लहानाची मोठी झाली. मशीन चालू असलं की घरातलं बोलणं हातांनी चालायचं. घास तोंडाकडे नेल्याची खूण केली की जेवायला या, पंजा हलवला की नंतर. पुढे पुढे मशीन बंद असतानाही जाईबाई हातांनीच बोलायची. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. जानराव भावनाला म्हणायचे, "मशीन थांबली का सारं आयकू येते."

सूर्यभानजींची तब्येत बिघडली तशी कारभार लेकीकडे आला. आकांक्षा अमरावतीला शिकून आलेली. नागपूरची एक सहल कंपनी लोकांना रेल्वेनं बडनेऱ्यापर्यंत आणि तिथून एकाच बसनं वर आणायची. वीस घरांच्या वीस गाड्या घाटात कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी हॉटेलवाल्यांनाही विचारायला सुरुवात केली, की तुम्ही डिझेल किती जाळता, पाणी कशावर तापवता. आकांक्षाला ते पटलं. तिनं गच्चीवर सोलरच्या प्लेटा बसवल्या, खाली बॅटऱ्यांची खोली केली.

पहिला पावसाळा जड गेला. चार-चार दिवस धुकं हटेना, बॅटऱ्या अर्ध्यावर यायच्या. गरम पाणी सकाळीच मिळेल, अशी पाटी लावावी लागली. काही लोक चिडून दुसऱ्या हॉटेलात गेले. सूर्यभानजी लेकीला म्हणाले, "जनरेटर विकू नको बापा, राहू दे." जनरेटर वर्षभर ताडपत्रीखाली राहिला. मग तेल्हाऱ्याच्या एका कापसाच्या जिनवाल्यानं तो ट्रकवर घालून नेला. जानराव ट्रक वळणाआड जाईपर्यंत उभे होते, मग शेड झाडायला गेले.

त्यांना कुणी कामावरून काढलं नाही. प्लेटा पुसायच्या, बॅटऱ्यांच्या खोलीवर लक्ष ठेवायचं, असं नवं काम लागलं. पण महिनाभरातच तक्रारी येऊ लागल्या. लोक म्हणायचे, आम्ही इथं शांततेसाठी येतो आणि हे काका पहाटे पहाटे गच्चीवर ओरडतात. एका बाईंना तर त्यांनी चहा घेता का विचारलं, तेव्हा ते रागावल्यासारखंच वाटलं.

आकांक्षानं त्यांना बाजूला घेतलं. "काका, थोडं हळू बोला."

"हयूच बोलून राहिलो न, ताई," जानराव म्हणाले, आणि समोरच्या व्हरांड्यातली माणसं वळून पाहू लागली.

त्यांनाही आतून काहीतरी खटकत होतं. मशीन गेलं की दरीतला वारा, पाखरं, सगळं ऐकू येईल असं त्यांनी गृहीत धरलं होतं. मशीन गेलं आणि काहीच ऐकू आलं नाही. आपल्याला सवय व्हायची आहे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

एके दिवशी दुपारी जेवणघर भरलेलं असताना दिवे, पंखे, मिक्सर, सगळं एकदम बंद पडलं. आकांक्षा तणतणत बॅटऱ्यांच्या खोलीकडे गेली. इन्व्हर्टर टी टी करत होता. किती वेळापासून करत होता कोण जाणे. बाहेर मोरीपर्यंत ऐकू येत होता. आणि जानराव त्याच्याच शेजारी उभे राहून फडक्यानं त्याची धूळ पुसत होते. तिची चाहूल लागली तेव्हा ते हसले. "या ताई. काई काम होतं?"

तिनं स्वतःच बटण दाबलं आणि संध्याकाळी भावनाला फोन केला.

भावना अकोल्याच्या जुन्या शहरात राहते, शाळेत शिकवते. ती बापाला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. जानरावांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर डबडी लावली आणि आवाज आला की बटण दाबा म्हणून सांगितलं. ते बटणावर अंगठा ठेवून ताठ बसले. बऱ्याच वेळानं दार उघडलं, तसं त्यांनी विचारलं, "सुरू कवा करता?"

तपासणी झालेली होती.

डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षांच्या आवाजानं आतली नस गेली, ती परत येत नाही. कानाला मशीन लावलं तर मात्र बोलणं कळेल. हे सूर्यभानजींच्या कानावर गेलं तेव्हा ते पलंगावर पडून होते. ते म्हणाले, "कापसाच्या मुलखात राहून मी त्याले कानात घालाले बोळाबी नाई देल्ला." कानाच्या मशीनच्या खर्चाचं आकांक्षानं पाहिलं.

जानराव मशीन लावून घरी आले ते वैतागूनच. ताटल्या अंगावर आल्यासारख्या वाजत होत्या. स्वतःचा आवाज ऐकून तर ते मधेच थांबले आणि मग पुटपुटल्यासारखं बोलू लागले. जाईबाईनं सवयीनं घासाची खूण केली.

"बोल न तोंडानं," ते म्हणाले.

"काय बोलू? जेवाले चाला म्हनलं."

जानराव तिच्याकडे बघत राहिले. तिचा आवाज चिरका, थकलेला, एखाद्या म्हातारीचा होता.

"तुया आवाज असा कवा झाला?"

"झाला हयूहयू," जाईबाई म्हणाली आणि तिनं भाकरी वाढली.

त्यानंतर तक्रारी थांबल्या. आकांक्षानं इन्व्हर्टरला लाल दिवाही बसवून घेतला. शेजारच्या दोन हॉटेलांनी सोलर बसवायचं ठरवलं, तेव्हा त्यांची माणसं जानरावांकडे काम बघायला आली. धुक्यात कसं भागवायचं ते त्यांनी दाखवलं, कधीकधी भागत नाही हेही सांगितलं. गच्चीवर जाताना ते कानातलं मशीन काढून खिशात ठेवतात. वारा त्यात फार घोंगावतो. एकेका प्लेटेवरून ओलं फडकं फिरवतात, आणि खालून जाईबाईला काही सांगायचं असलं तर ती अंगणात येऊन हात हलवते.