इंदुबाईचं बदलीचं बी

माझी थोरली जाऊ इंदुबाई भोळी होती असं नवघरात अजून म्हणतात. जिभेला हाड नसतं, म्हणून म्हणतात. भोळी? भाईंदरच्या बाजारात तिच्या गळ्यात एक सडका बोंबील कुणी मारून दाखवला असता तर मी मानलं असतं. तिची चूक एवढीच, की तिनं सरकारला माणसात धरलं.

आमची जमीन खाडीच्या कडेची, खारी. पलीकडं मिठागरं, अलीकडं आमची खाचरं, मधे मातीचा बांध. मोठ्या उधाणाला बांध कुठंतरी फुटायचा आणि खारं पाणी आत शिरायचं. त्या पाण्यात टिकायचा तो एकच भात, आमचा लाल रता. चार-चार दिवस बुडाला तरी पठ्ठ्या पुन्हा मान वर काढायचा. त्याला नांगर नको, लावणी नको. उलट नांगर घातला की खालचं मीठ वर येतं. पावसानं जमीन धुऊन निघाली की मोड आणलेलं बी चिखलात फेकायचं, झालं काम. तांदूळ जाडा आणि लाल. मुंबईचा पाहुणा ताटात बघून नाक मुरडायचा. मुरडू दे! आमची पोरं त्याच्याच पेजेवर वाढली.

गावाचं बी राखायचं काम आमच्या सासूचं होतं, तिच्यामागं ते इंदुबाईकडं आलं. नवरा तरणाताठा गेलेला, मूलबाळ नाही. पण बी तिच्या माळ्यावर, म्हणून चारचौघांत तिला मान. पेंढ्याचे मुडे घट्ट बांधून ती त्यात बी भरायची, राख लावायची, उंदराला जवळ फिरकू द्यायची नाही. घरात तांदळाचा दाणा नसला तरी त्या मुड्याला हात लावायची नाही. एका साली आम्ही दोघींनी आठ दिवस नुसते करांद्याचे कडू कंद उकडून खाल्ले, डोक्यावर बियाण्याचे मुडे टांगलेले असताना.

आमच्यात बी विकत नाहीत आणि फुकटही देत नाहीत. बदलतात. अक्षय तृतीयेला माझं बी तुमच्या घरी, तुमचं माझ्या घरी. घेतलेलं बी तुम्ही निदान एका कोपऱ्यात पेरून जितं ठेवायचं. माझं पीक बुडालं तर पुढच्या अक्षय तृतीयेला मी तुमच्या दारात येणार, आणि माझं बी तुम्ही मला परत करायचं. न देणारं घर मी तरी पाहिलं नाही. आणखी एक नेम होता. बदलायचं तर सगळं बदलायचं, मागं लपवून काही ठेवायचं नाही. हात राखून दिलेलं बी दोन्हीकडं उगवत नाही म्हणायचे.

अडुसष्ट साली ग्रामसेवक आला. रेशनवरचा अमेरिकेचा मिलो, ती लाल ज्वारी, खाऊन लोकांची पोटं बिघडलेली, देशाला धान्य कमी, सरकारला घाई. नवं बी आलं होतं, तायचुंग. एकरी दुप्पट-तिप्पट पिकतं म्हणे. पोलीसपाटील काळूरामच्या ओटीवर सभा भरली. ग्रामसेवक म्हणाला, "जुनं बी आणून जमा करा, तेवढंच नवं घेऊन जा. सगळ्या गावानं दिलं तर वेशीवर पाटी लागेल, शंभर टक्के सुधारित गाव." पाटीचं नाव काढल्याबरोबर काळूरामच्या मिश्या वर गेल्या. त्याला काय, त्याची स्वतःची जमीन गोड्या पाण्याची!

सगळ्यांनी इंदुबाईकडं बघितलं. ती पदर सावरून उठली.

"आमचं बी ठेवाल कुठं?" तिनं विचारलं.

"तालुक्याच्या गोदामात. अगदी सुरक्षित."

"आन् कोपऱ्यात पेराल ना? जितं ऱ्हायला पायजे."

ग्रामसेवक हसला. "पेरू की बाई, त्यात काय!"

त्यात काय! त्या माणसाला खारी जमीन कशाशी खातात हे माहीत नव्हतं, पण हो म्हणायला त्याचं काय जात होतं?

घरी आल्यावर मी तिला म्हटलं, "बाय, एक मुडा माळ्यावर ऱ्हाऊ दे. कुणाला कलनार हाय?"

ती माझ्यावर अशी उसळली! "आनंदी, मागं ठेवून दिलं तं त्यांचं बी आपल्या शेतात उगवंल का? त्यांनी विश्वासानं दिलं, आपन हात राखायचा?"

मी मुडे खाली उतरवायला लागले. ती माझी थोरली जाऊ होती. आज वाटतं, तेव्हा बोलायला हवं होतं, नाहीतर सरळ चोरून ठेवायला हवं होतं. अकरा मुडे बैलगाडीत चढले. तिनं दिलं म्हटल्यावर गावानंही घराघरातलं झाडून दिलं.

मग ग्रामसेवकाच्या सांगण्यावरून खाऱ्या जमिनीत नांगर घातला, रोपं लावली, खत टाकलं. मीठ वर आलं. श्रावणात रोपं पिवळी पडायला लागली, तर ग्रामसेवक म्हणतो आणखी खत टाका. त्यातच पुनवेचं उधाण आलं, मिठागराच्या बाजूचा बांध फुटला, दोन दिवस खारं पाणी शेतात. पाणी उतरलं तेव्हा तायचुंग कुजून आडवं झालेलं. वासानं तिकडं उभं राहवेना. वेशीवर पाटी मात्र दिमाखात उभी होती.

गाव रडलं, पण इंदुबाई रडली नाही. सगळ्यांना सांगत फिरली, "धीर धरा रं. आपलं बी ठेवलेलं हाय. अक्षय तृतीयेला आनते."

अक्षय तृतीयेच्या दिवशी तिनं डोक्यावरून पाणी घेतलं, हिरवं लुगडं नेसली, नारळ घेतला. रिकामी पोती माझ्या डोक्यावर. काशीमिऱ्याच्या नाक्यापर्यंत चालत गेलो, तिथून तालुक्याची एसटी धरली. वरसावं तिचं माहेर. खिडकीतून भावाचं शेत दिसलं, पण उतरली नाही. म्हणाली, येताना बी घेऊन उतरू, त्यालाही लागेल. त्याच्या गावानंही सगळं दिलं होतं.

कचेरीतला कारकून आधी समजलाच नाही. तिनं नारळ टेबलावर ठेवला आणि सांगितलं, गेल्या साली नवघरचं लाल बी दिलं होतं, ते न्यायला आलोय. त्यानं शेजारच्याला विचारलं, शेजारच्यानं आतल्याला. आतला बाहेर येऊन म्हणाला, "बाई, ते भात गिरणीत गेलं. भरडून रेशनला वाटलं. लोक उपाशी होते ना."

इंदुबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. "म्हंजे खाल्लं?"

"हो."

"बी खाल्लं?"

तो हसला. दात दाखवून हसला मेला! मी त्याला शिव्या घातल्या, त्याची आई-आजी काढली. आमच्या डोक्यावर मुडे टांगलेले असताना जिनं करांद्यांवर दिवस काढले, तिला हा माणूस सांगत होता की बी खाल्लं. तिनं नारळ उचलला आणि बाहेर आली. वरसाव्याला एसटी थांबली तेव्हा तिनं तोंड दुसरीकडं फिरवलं.

पुढचं काय सांगू? ज्यांनी तिच्या शब्दावर बी दिलं, तेच तिच्या दारात येऊन बोलून गेले. "इंदुबाय, आमचं बी दे." काळूराम तर म्हणायला लागला, बायकांच्या हातात बी दिलं की असंच होणार. पाटी कुणी आणली होती रे, मुडद्या? रायला, मोरव्याला, ज्या ज्या गावात सोयरीक होती तिथं ती मूठभर रत्यासाठी हिंडली. सगळ्यांनी तालुक्याला देऊन टाकलेलं. जे मिळालं ते भेसळीचं, पहिल्याच उधाणाला गेलं. चार सालं खाचरं ओसाड राहिली, मग बांध कुणी बांधेना, आणि आमच्या ह्यांनी जमीन मिठागरवाल्याला देऊन टाकली. इंदुबाई तिथंच मीठ ओढायला जाऊ लागली. बियाण्याला राख लावणाऱ्या हातांना मिठानं भेगा पडल्या.

दहा वर्षांनी, अठ्ठ्याहत्तर साली, दारात जीप थांबली. चष्मेवाला तरुण साहेब उतरला. खाऱ्या जमिनीतल्या जुन्या बियाण्यांचा अभ्यास करतोय म्हणाला. नवं बी खाऱ्या पाण्यात टिकत नाही, हे आता सरकारच्या ध्यानात आलंय. बैल गेला आणि झोपा केला! पण पोरगा बोलायला गोड होता. त्यानं पिशवीतून कागदाची पुडी काढली आणि ओटीवर उघडली. "आजी, तुमच्याकडं होतं ते असंच का?"

लाल रता. खाडीपलीकडच्या कुठल्याशा गावात कुणा म्हातारीनं हात राखून ठेवलेला.

इंदुबाईचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. तिनं एक दाणा दाताखाली धरला, मग सगळं सांगायला बसली. बी किती वेळ भिजवायचं, पेंढ्याखाली कसं दाबायचं, मोड केवढा झाला की फेकायचं, नांगर का घालायचा नाही. तो भराभर लिहून घेत होता. तास गेला असेल. सांगून झालं तेव्हा तिनं पदर दोन्ही हातांनी धरून त्याच्यापुढं पसरला आणि म्हणाली, "उशीर झाला, पन आनलंत. लय झालं बाबा."

साहेब गोंधळला. "नाही हो आजी, हा नमुना आहे. मोजकाच आहे, अजून चार गावं करायचीत."

मी म्हटलं, "अवो, मूठभर तं द्या."

"केंद्रावर अर्ज करा. खाऱ्या जमिनीचा सातबारा जोडा, मग मिळेल."

त्यानं पुडी नीट मिटली, दोरा गुंडाळला, पिशवीत टाकली, हात जोडले आणि जीपकडं गेला. इंदुबाई तशीच बसलेली, पदर तसाच पसरलेला.

माझा जीव नुसता जळत होता. मी म्हटलं, "बाय, पदर आवर. लोक बघतात."

ती म्हणाली, "थांब गं जरा. गाडी अजून चालू झाली न्हाय."