मोटारीचा खांदा

मोटारीला खांदा नसतो, हे माझ्या बाबांना आजही मान्य नाही.

मी अर्जुनी मोरगावकडच्या एका खेड्यातला. नववीत मी शाळा सोडली की शाळेने मला, यावर घरी अजून मतभेद आहेत. मग मी पुण्याला आलो आणि जुन्या मोटारींचं डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्या एका गॅरेजात उस्तादांनी मला ठेवून घेतलं. पत्र्यावर हातोडी कशी मारायची इथपासून भात कसा शिजवायचा इथपर्यंत सगळं त्यांनी शिकवलं. (भात! धानाच्या जिल्ह्यातल्या पोराला!) आज मी दोन घास खातो ते त्या माणसामुळे.

त्यांच्यामुळेच जुन्या मोटारींवर जीव जडला. नव्या गाड्या सगळ्या एका आईच्या वाटतात, जुनीला मात्र चेहरा असतो. अँबॅसिडर पुढून पाहिली तर जेवून ओसरीवर टेकलेल्या मामासारखी दिसते. उस्तादांची पहिली गाडी तीच, काळी. ती विकून जमाना झाला, तरी तिचं बॉनेट लावताना कसा आवाज यायचा हे ते आम्हाला तोंडाने करून दाखवतात.

यंदा पोळ्यानंतरच्या सोमवारी उस्ताद काम सोडून मुलीकडे कायमचे राहायला जाणार होते. मी ठरवलं, जाताना त्यांच्या हातात त्यांची गाडी द्यायची. सागवानाच्या तुकड्यांतून हातभर लांबीची अँबॅसिडर घडवायला मला आठ महिने लागले. दारं उघडतात, डिकी उघडते, आणि बॉनेट तर पितळेच्या इवल्या बिजागरीवर असं उघडतं की मीच दिवसातून दहा वेळा उघडून बघायचो.

नमुना म्हणून गॅरेजच्या भिंतीवरचा एकच फोटो होता. समोरून काढलेला, बॉनेटला टेकून उभे असलेले तरणे उस्ताद. त्यांना कळू नये म्हणून मी गुपचूप मोबाइलने त्या फोटोचा फोटो काढला. माझ्या मोबाइलचा मागचा कॅमेरा पडून फुटला होता, म्हणून पुढच्या कॅमेऱ्याने काढला, ज्याने लोक स्वतःचं तोंड काढतात. नंबरप्लेट उस्तादांच्या पायाआड होती, पण नंबर मला पाठ होता. बाकी प्रत्येक गोष्ट मी तीस-तीसदा फोटोशी ताडून पाहिली. मी स्वभावाने घाबरट. फोटोत आहे तसंच करायचं, मधे आपली अक्कल घालायची नाही, हा उस्तादांचाच धडा.

काळ्या रंगाचा शेवटचा हात दिला आणि पोळ्याची सुट्टी आली. गाडी खोलीवर ठेवणं शक्य नव्हतं. आम्ही पाच जण राहतो आणि माझ्या मागच्या मॉडेलच्या टपावर एकाने साबण ठेवला होता. म्हणून ती खोक्यात घालून, खोकं लाल फडक्यात बांधून, मांडीवर धरून मी रेल्वेने गावाकडे निघालो. मी खोकं कोणाला धरू देईना, खाली ठेवीना. समोरच्या म्हाताऱ्याने हळूच विचारलं, "वडील होते का?" मी म्हटलं, "नाही, अँबॅसिडर आहे." त्याने हात जोडले आणि पुढे काही विचारलं नाही.

घरी पोचल्यावर गाडी फळीवर ठेवली आणि तीनदा बजावलं, हात लावायचा नाही, रंग अजून कच्चा आहे. बाबा जवळ गेले, हात मागे बांधून वाकले, काचेतून आत डोकावले.

"ड्रायवर अठी बसते?"

"हो."

"या अंगाले?"

"बाबा, फोटो पाहून बनवलो मी. मोटारीतलं तुमाले का समजते?"

"बरं बापू," बाबा म्हणाले आणि बाजूला झाले.

मायने मला चुलीपाशी बोलावून हळूच सांगितलं, "त्याहिले काही बोलू नोको. गोठा रिकामा आहे ना यंदा." आमचा ढवळ्या म्हातारा होऊन उन्हाळ्यात गेला, आणि एकटा बैल काय करणार म्हणून त्याचा जोडीदार मामाकडे दिला. नांगरटीला आता भाड्याचा ट्रॅक्टर येतो. बाबांच्या आयुष्यातला हा बैलाविना पहिला पोळा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांद शेकतात. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा सोललेला असतो. त्यावर तूप-हळद चोळून पळसाच्या पानाने शेक देतात आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण देतात. त्या दुपारी मी गाडीला शेवटची चकाकी आणायला पॉलिश पेपर घ्यायला अर्जुनीच्या बाजारात गेलो होतो. परत आलो तर बाबा रिकाम्या गोठ्यासमोर उकिडवे बसलेले. पाटावर माझी अँबॅसिडर. शेजारी वाटीत कोमट तूप-हळद.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," असं म्हणत बाबा तिच्या मडगार्डला पळसाचं पान चोळत होते.

"बाबा, का करून राहिले?"

"खांद शेकून राहिलो."

"मोटारीची?"

"मंग कोनाची? गोठ्यात कोन आहे?"

मी समजावून सांगितलं. "मोटारीले खांदा नसते, बाबा."

"हे का होय मंग?" त्यांनी चाकावरच्या फुगीर भागावर थाप मारली. "जोर कुठं पडते? अठीच."

"मडगार्ड आहे ते!"

"तुमच्याकडं मडगार्ड म्हनत असन."

मी मायकडे पाहिलं. तिच्या हातात आणखी एक वाटी होती, पहिली संपली तर असू दे म्हणून. "काऊन चिडते रे?" ती म्हणाली. "ज्याच्या जिवावर घर चालते त्याची खांद शेकाची. मोटारीच तं पोसून राहिल्या ना आपल्याले?"

तिचं म्हणणं खोडायला मला सुचेना. (दहावी झाली असती तर सुचलं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं.) कच्च्या काळ्या रंगात हळद मुरली की कावीळ झालेल्या रेड्याचा रंग होतो, हे मला त्या दिवशी कळलं. पेट्रोलने पुसावं तर रंगच निघून येणार. आणि सोमवार चार दिवसांवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी फळीवर नव्हती. बाबांनी तिला मायच्या जुन्या लुगड्याची झूल शिवली होती, टपावर बेगड चिकटवला होता आणि पाटावर घेऊन ते गावच्या तोरणाखाली, खऱ्या बैलांच्या रांगेत उभे होते. शेजारी कवडूकाका आपली जोडी धरून.

"काय गा," कवडूकाकांनी विचारलं, "तुया बैल शेन टाकते का धूर सोडते?"

"धूर," बाबा शांतपणे म्हणाले. "पाय नाही मारत पन."

पोळ्यात म्हणतात त्या झडत्या सुरू झाल्या. कवडूकाकांनी तिथल्या तिथे जुळवली:

"चारा नाही खात, पानी नाही पेत,
 धन्याले पुन्याले नेते, पन वापस नाही आनून देत,
 एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!"

सगळा गाव हसला. सगळ्यांत जोरात बाबा हसले. पाट ओढून घ्यायला मी दोन्ही हात पुढे केले होते. ते मी तसेच जोडले, महादेवाला.

मग बैलांची घरोघर फेरी निघाली आणि पाटामागून मी. प्रत्येक दारात बायका बैलाचे पाय धुतात, म्हणजे माझ्या चाकांवर तांब्या-तांब्या पाणी. सागवान असलं म्हणून काय झालं, सात घरांनंतर चाकं फुगून जाम! आठव्या घरी कौशल्याकाकू पुरणपोळी घेऊन बाहेर आल्या आणि गाडीच्या चारी बाजूंनी फिरल्या.

"याचं तोंड कुठं आहे जी?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण ती बिजागरी मी आठ महिन्यांत जमवली होती आणि अख्ख्या गावात एकालाही दाखवली नव्हती. मी म्हणालो, "काकू, बॉनेट उघडते ना."

त्यांनी उघडलं. पोळी आत कोंबली. वरून तुपाची धार. पुढच्या चार घरांना काही विचारावंच लागलं नाही.

सोमवारी गॅरेजात उस्तादांपुढे खोकं ठेवलं तेव्हा आधी त्यातून मुंग्या बाहेर आल्या. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. गोठा, हळद, पाणी, पुरण. माफी तीनदा मागितली. उस्तादांनी गाडी उचलली, वास घेतला, बॉनेट उघडून अलगद लावलं आणि कान देऊन आवाज ऐकला. मग पुन्हा लावलं. चष्मा पुसला.

"रंग पुन्हा मारून देतो, उस्ताद."

"वडिलांनी शेकलंय ना? मग हात नको लावूस. माझ्या गाडीला एवढ्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं, दुखतंय का म्हणून."

मला रडूच आलं. ते आणखी थोडा वेळ काचेतून आत बघत राहिले.

"बेटा, एक सांग. ही चालवायची कुठल्या देशात?"

"म्हणजे?"

"स्टिअरिंग डाव्या बाजूला आहे."

मी मोबाइल काढला, फोटो दाखवला. त्यांनी भिंतीवरचा मूळ फोटो काढून शेजारी धरला. पुढचा कॅमेरा डाव्याचं उजवं आणि उजव्याचं डावं करतो, हे पोराबाळांना ठाऊक असलेलं सत्य मला आठ महिने उशिरा कळलं.

संध्याकाळी बाबांना फोन केला. हळद उस्तादांना आवडली, हे सांगितलं. मग नाइलाजाने उरलेलंही सांगितलं.

"मी बोललो असतो बापू," बाबा म्हणाले. "पन मोटारीतलं मले का समजते."

मोटारीला खांदा नसतो, असं मी आजही म्हणतो. फक्त हल्ली म्हणायच्या आधी एकदा वाकून बघून घेतो.