डोंगराच्या बाजूची जागा

माझे मोठे दीर कड्यावरच्या रस्त्याची बस चालवायचे. आमच्या गावात बाहेरून जे कोणी येतं, ते त्या रस्त्यासाठीच येतं. एका अंगाला उभा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाली समुद्र, आणि मधून एक बस जेमतेम जाईल एवढी वाट. गावातून निघायचं, कड्याकड्याने दीपगृहापर्यंत जायचं आणि परतायचं ते डोंगरामागच्या रस्त्याने, कारण कड्यावर दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला समुद्रात उतरावं लागेल. थंडी पडली की कड्याखालच्या खोल पाण्यात देवमासे येतात. मग दोन महिने बस खच्चून भरलेली. माइकवर माहिती सांगणाऱ्या मुलीचा घसा पार बसून जातो.

भाऊजींनी सगळी नोकरी या एका रस्त्यावर काढली. आणि देवमासा त्यांनी एकदाही पाहिला नव्हता.

हे ऐकून लोकांना हसू येतं. लग्न होऊन आले तेव्हा मलाही आलं होतं. पुढे एकदा त्यांच्या मागच्याच सीटवर बसून गेले आणि हसू जिथल्या तिथे जिरलं. ड्रायव्हरची जागा डोंगराच्या बाजूला. वळणं अशी, की डोळ्यांत तेल घालून समोर बघावं लागतं. कड्यावर गाडी थांबवायला बंदी. थांबायचं ते थेट दीपगृहापाशी, आणि तिथलं पाणी उथळ. देवमासा तिकडे फिरकत नाही. तिथे खडकांवर सील तेवढे पडलेले असतात. त्यांच्याबद्दल भाऊजींचं मत काही फार चांगलं नव्हतं. "आमचे डेपो मॅनेजर जेवून आडवे झालेले बघितले की सील बघितल्यासारखंच आहे," असं ते म्हणायचे.

"मग देवमासा आलाय हे तुम्हाला कळतं तरी कसं?" मी एकदा विचारलं होतं.

"हातात कळतं."

म्हणजे काय, तर देवमासा दिसला की सगळी बस उठून समुद्राच्या बाजूला धावते. गाडी जुनी, चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बसलेले. त्या अंगाला गाडी झुकली की स्टिअरिंग ओढ घेतं. डॉल्फिन असले तर ओढ थोडी, कारण निम्मे लोक बसल्या जागेवरून माना लांबवतात. देवमासा असला तर पेंगणारे आजोबाही उठतात. "जेवढा मोठा, तेवढी गाडी झुकते," ते म्हणायचे, आणि हाताचा पंजा तिरपा करून दाखवायचे. मग मागे वळून न बघता त्यांची ठरलेली हाळी असायची, "अर्धे जण डोंगराकडे बसून घ्या, मासा कुठे पळून जात नाही." मासा पळून जायचा, ते वेगळं.

माझ्या जाऊबाईंनी मात्र पाहिला होता. तोही यांच्याच बसमधून, नवीन लग्न झालेलं असताना. आई आणि तिचं पिल्लू. पिल्लू आईच्या पाठीवर चढायला बघत होतं आणि घसरून पडत होतं. ही गोष्ट घरात चार माणसं जमली की जाऊबाई मीठमसाला लावून सांगायच्या, आणि शेवटी, "आणि हे काय करत होते? हे हॉर्न वाजवत होते," असं म्हणून सगळ्यांना हसवायच्या. भाऊजी तेवढ्यापुरता पेपर तोंडासमोर धरायचे.

पण एकदा मी त्यांच्या घरी डबा परत द्यायला गेले होते. दार उघडंच होतं. आत स्वयंपाकघरातून भाऊजींचा आवाज आला, "त्या पिल्लाचा रंग कसा होता गं?"

"शंभरदा सांगितलाय."

"परत सांग."

जाऊबाई सांगायला लागल्या. नेहमीसारखं तिखटमीठ नव्हतं त्यात, हॉर्नही नव्हता. मी डबा ओट्यावर न ठेवताच बाहेर पायरीवर बसून राहिले.

सुट्टीच्या दिवशी का नाही गेले, असं कुणीही विचारेल. ऐन थंडीत रजा मिळायची नाही. चुकून एखादा दिवस मिळालाच तर झोप, घरातली कामं, मुलीची शाळा. आणि सुट्टीच्या दिवशीही पुन्हा तोच रस्ता, या विचारानेच त्यांच्या अंगावर काटा यायचा. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणत वर्षं गेली. मोटारबोटीतून जा म्हटलं, तर "ज्याला ब्रेक नाही त्यात मी बसत नाही," हे उत्तर तयार.

अशातच निवृत्ती आली. बसवाल्यांचं क्वार्टर सोडायचं होतं. जाऊबाईंच्या गुडघ्यांना दोन जिने झेपत नव्हते, आणि तिकडे आत, समुद्रापासून दिवसभराच्या अंतरावर, मुलीला बाळ झालं होतं. तिच्याच शेजारी घर मिळालं. जायचं ठरलं. थंडी निम्मी सरली होती.

मी भांडी कागदात गुंडाळायला रोज जायचे. एके दिवशी भाऊजी गादीच्या वळकटीवर बसले होते, आणि अर्धा कप चहा अजून मिळेल का अशा सुरात म्हणाले, "धाकटे, एकदा प्रवासी म्हणून जाऊन येऊ म्हणतो."

"जाऊन काय येता," जाऊबाई आतून म्हणाल्या. "जाऊन तर रोज येत होतात. बघून येऊ म्हणा."

आम्ही तिघं गेलो. त्यांच्या जागी आता एक उंच, मोजकं बोलणारी बाई बस चालवते. तिने समुद्राच्या बाजूची पहिली खिडकी त्यांच्यासाठी राखून ठेवली होती, काच आतून बाहेरून पुसून. भाऊजी बसले. नवा शर्ट, विंचरलेले केस, मांडीवर हात. बस कड्यावर चढली तसे सगळे समुद्राकडे बघायला लागले, आणि हे समोर. वळण आलं की यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा. "हॉर्न," ते पुटपुटायचे. "आता गिअर बदल."

"काका," ती बाई आरशातून बघत म्हणाली, "गाडी मी चालवतेय. तुम्ही पाणी बघा."

"बघतोय, बघतोय," असं म्हणून ते पुन्हा समोर.

मोठ्या वळणापाशी माइकवरची मुलगी एकदम थांबली आणि म्हणाली, "आला." बस उठली. मीही उठले. खाली निळ्या पाण्यातून एक काळी पाठ वर आली, लांबच लांब, संपेचना, आणि तिच्यातून पाण्याचा फवारा उडाला. मी भाऊजींना सांगायला वळले. त्यांची सीट रिकामी होती.

ते पलीकडे, डोंगराच्या बाजूला उभे होते. वरचा दांडा दोन्ही हातांनी धरून, पाय फाकवून, सगळा भार त्या बाजूला टाकून. तोंड खडकाकडे. आणि ओरडत होते, "अर्धे जण इकडे या, अर्धे जण इकडे."

मी गर्दीतून त्यांना ओढून आणेपर्यंत खाली फेस तेवढा उरला होता.

दीपगृहापाशी उतरल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "कुठे गेला होतात?"

"गाडी झुकत होती."

"गाडी बघायला ती आहे ना?"

"झुकत होती गं."

ड्रायव्हरबाई चाकांखाली ठोकळे लावत होती. ती खाली वाकूनच म्हणाली, "काका, पाटे नवे घातलेत. नाही झुकत आता."

भाऊजींनी विचारलं, "कधी घातले?"

"तुम्ही रिटायर झालात त्या आठवड्यात."

ते खाली बसले आणि हाताने पाटे चाचपून आले. चांगले होते. हात पुसत म्हणाले, "असतील नवे. माझ्या अंगाला झुकलेली कळते, त्याला मी काय करू?"



पुढच्या वेळी गेलो तर धुकं. समोरच्या काचेतूनसुद्धा धड दिसत नव्हतं, आणि भाऊजी अख्खा रस्ता त्या ड्रायव्हरबाईइतकेच ताठ बसून होते. नंतर दोन दिवस वारा होता म्हणून कड्याचा रस्ताच बंद. इकडे घर रिकामं होत चाललं. भिंतींवर फोटोंचे चौकोन उमटलेले, बोललं की खोली घुमायची. भाऊजी सकाळी उठून गॅलरीतून समुद्राच्या दिशेला बघायचे, जिथून त्यांना समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्यांपलीकडे काही दिसत नव्हतं. जाऊबाई त्यांच्या पाठीकडे बघत उभ्या राहायच्या. मग पुन्हा खोक्याला दोरी बांधायला लागायच्या.

ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता, त्या दिवशी ऊन स्वच्छ पडलं. जाऊबाईंनी हातातली दोरी टाकली आणि चपला घातल्या.

या वेळी बसमध्ये चढल्यावर सगळा कारभार त्यांनीच हातात घेतला. पहिली सीट नको म्हणाल्या. भाऊजींना मधल्या एका खिडकीत बसवलं. पुढे एक धिप्पाड गृहस्थ बसले होते, त्यामुळे रस्ता दिसायची सोयच नव्हती. "इथे बसा. आणि तू चल गं," असं म्हणून मला घेऊन त्या पलीकडच्या सीटवर, डोंगराच्या बाजूला जाऊन बसल्या.

"तुम्ही तिकडे का?" भाऊजी म्हणाले.

"वजन द्यायला. आम्ही दोघी इकडे आहोत, गाडी कुठे झुकत नाही. माझं एकटीचंच पुरेल खरं तर, ही आपली सोबतीला."

"अगं पण तुम्हाला काही दिसणार नाही."

"तुम्ही आम्हाला सांगा."

आमच्या खिडकीतून खरोखरच काही दिसत नव्हतं. हातभरावर खडक. त्यातून पाझरणारं पाणी, शेवाळ, मधूनच एखादं चिवट झुडूप. मला वाटलं, भाऊजींनी इतकी वर्षं हेच बघितलं असेल का? तेही नसेल. त्यांनी रस्ता बघितला.

मोठं वळण आलं आणि गेलं. काही नाही. त्यानंतरचं उताराचं वळणही जायला आलं, आणि मग मागून कुणीतरी हाक दिली. बस उठली. आमच्या बाजूच्या सगळ्या सीटा एका दमात रिकाम्या झाल्या. आम्ही दोघीच राहिलो.

पाठींच्या गर्दीतून मला भाऊजी दिसत होते. ते अर्धे उठले. अंग आमच्याकडे वळलं, हात दांड्याकडे गेला.

"बसा," जाऊबाई म्हणाल्या. मोठ्याने नाही, पण घरातल्या आवाजात. "आम्ही बसलोय इकडे. बघा तुम्ही."

त्यांनी आमच्याकडे बघितलं. आम्ही दोघी खरंच बसलोय ना, याची खात्री केली असावी. मग सावकाश वळले आणि काचेला तळहात टेकवले.

"ताई, तुम्ही बघून या ना," मी कुजबुजले. "मी आहे इथे."

"मी उठले तर ते परत इकडे येतील."

"मग बघायचं नाही तुम्हाला?"

"बघतेय की," त्या म्हणाल्या. त्यांची नजर भाऊजींच्या मानेवर होती. त्यांच्या कॉलरचं मागचं टोक उलटं झालं होतं. एरवी जाऊबाईंनी ते कधीच सरळ केलं असतं. लोक बोलत होते, मोबाइल वर धरत होते, कुणाचं तरी बाळ रडत होतं. भाऊजी हलत नव्हते. एकदाच त्यांचे खांदे वर गेले आणि तसेच राहिले, श्वास सोडायचा विसरल्यासारखे. लोक परत जागेवर येऊन बसले तरी ते काचेला टेकूनच होते.

दीपगृहापाशी सगळे उतरले, हे उतरले नाहीत. आम्ही त्यांच्या सीटपाशी गेलो.

"कसा होता?" मी विचारलं.

"मोठा होता."

"एवढंच?" जाऊबाई म्हणाल्या. "आम्ही खडक बघत आलो, आणि तुम्ही म्हणता मोठा होता."

ते काचेकडे वळून म्हणाले, "शेपूट वर आलं आणि तो खाली गेला. तो गेल्यावर तिथलं पाणी सपाट झालं. आजूबाजूला लाटा, आणि तेवढंच पाणी इस्त्री केल्यासारखं. वळण येईपर्यंत तसंच होतं. हे तू कधी सांगितलं नाहीस."

"मला नाही दिसलं," जाऊबाई म्हणाल्या. "मी तेव्हा ओरडत होते."

परतीचा रस्ता डोंगरामागचा. दोन्हीकडे झाडं. तरी भाऊजी खिडकीतूनच बघत होते. गाव जवळ आलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मुलीच्या तिकडे पाणी आहे का गं काही?"

"तळं आहे म्हणते. बागेतलं."

"तळ्यात काय असणार."

"बदकं."

ते हसले नाहीत. म्हणाले, "दिसला नव्हता तोवर बरं होतं. जायचं म्हटलं तर काही वाटत नव्हतं मला."

जाऊबाईंनी त्यांची कॉलर सरळ केली, आणि हात तिथेच ठेवला.

घरी पोचलो. खोक्यांमधून वाट काढत भाऊजी गॅलरीच्या दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. पाठमोरेच म्हणाले, "ट्रक परवा बोलावला तर?"

जाऊबाईंनी खोलीभर नजर फिरवली. शेगडी बांधलेली, ताटं बांधलेली, पांघरुणं गाठोड्यात. सगळ्यात वरच्या खोक्यावर त्यांनीच मोठ्या अक्षरांत 'स्वयंपाक' असं लिहून ठेवलं होतं.

"परवा तरी नक्की निघाल?" त्यांनी विचारलं.

भाऊजी दार ढकलून गॅलरीत गेले.

जाऊबाई खोक्यावर टेकल्या, गुडघा चोळला, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "धाकटे, उद्या आम्ही दोघं तुझ्याकडे जेवायला. आणि त्या ट्रकवाल्याला फोन लाव. हे बोलले तर तो चार दिवसांनी येईल."