न भाजलेला वाफा

खरवई गावी आमच्या शेतात दरवर्षी पालापाचोळा आणि शेण पसरून, पेटवून जमीन भाजत, मग तिथे भाताचं बी पेरत. पुढच्या काही वर्षांत पेरणीनंतर पाऊस दडी मारू लागला आणि भाजलेली माती वाळून जायची. रानात पाल्याखाली ओल टिकते, हे मी लाकडं आणताना पाहिलं होतं. म्हणून एका वर्षी मी एक वाफा भाजलाच नाही, पाला मातीत कुजू दिला.

“रोपं नाही आली तर लावणीला काय, तुझी वेणी लावायची?” सासूबाई म्हणाल्या.

मी दिवसातून चारदा बांधावर जायचे. त्याही वर्षी पाऊस दडला आणि भाजलेल्या वाफ्यांतली रोपं पिवळी पडली. माझी हिरवी होती, पण न भाजल्यामुळे त्यांत तण माजलं. उपटताना रोपंच निघतील म्हणून हात चालेना.

शेवटी सासूबाई शेजारी येऊन बसल्या. “सरक गं. आता लावणीला एवढीच रोपं आहेत.”