लसीचा ताप

माझी थोरली बहीण लहानपणीच गोवरानं गेली. तेव्हा दवाखाना नदीपलीकडे, घरात शिकलेलं कुणी नाही. आईनं दाराला नुसता कडुलिंबाचा डहाळा बांधला होता.

गेल्या महिन्यात माझ्या नऊ महिन्यांच्या लेकीला गोवराची लस दिली. आठवड्यानं ताप आला, तर आईनं पुन्हा डहाळा बांधला.

"आई, हा ताप लसीचा आहे. दुबळा केलेला विषाणू दाखवलाय. खरा आला की शरीर ओळखेल."

"एवढंसं पोर ध्यानात ठेवतंय? तुला काल मीठ आणायचं ध्यानात राहिलं नाही, पदवीवाल्या!"

मी घरातला पहिला पदवीधर, पण नवल मलाही वाटतं. जिला अजून 'बाबा' म्हणता येत नाही, तिचं रक्त ही ओळख वर्षानुवर्षं जपणार.

ताप उतरला. डहाळा आईनंच सोडला. आमच्या घरात पहिल्यांदाच गोवराच्या आधी लस पोचली.